१८ मीटरवरच्या काचा आणि लांब पोलची निवड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षं ९ मीटरच्या ग्लास फायबर पोलवर काचा धुताय. आता तळमजला अधिक पाच मजले अशा ऑफिसच्या इमारतीचं काम हातात येतंय. सगळ्यात वरच्या काचेची वरची कड जमिनीपासून १८ मीटरवर आहे. तेव्हा २२ मीटरचा वॉटर-फेड पोल (नळीने टोकाच्या ब्रशपर्यंत पाणी नेणारी लांब काठी) एकदाच घेऊन टाकावा का, आणि तो साध्या कार्बनचा की हाय मॉड्यूलस, म्हणजे जास्त ताठ धाग्याच्या, कार्बनचा?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. २२ मीटरचा घेऊ नका. जागा मोजून १९-२० मीटरच्या आसपासचा घ्या, हाय मॉड्यूलस घ्या, आणि तुमचा जुना ९ मीटरचा पोल विकू नका. जमलं तर त्याच्या जोडीला एक १२ मीटरचा हलका पोलही असू द्या. पाच मजल्यांच्या इमारतीत १५ मीटरच्या वरच्या काचा एकूण कामाच्या फार तर एक षष्ठांश असतात. बाकीचं सगळं काम तुम्ही त्या अवजड काठीने करणार असाल तर दुपारपर्यंत खांदे बोलायला लागतील.

आता लांबीचं गणित, कारण बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. जाहिरातीत ‘पोच’ म्हणून जो आकडा असतो त्यात बऱ्याचदा पोलची लांबी, ब्रश, गूजनेक (ब्रश काचेकडे वळवणारा टोकाचा वाकडा तुकडा) आणि माणसाची उंची असं सगळं मिळवलेलं असतं. तुम्ही फक्त पूर्ण उघडलेल्या पोलची लांबी विचारा. पोल भिंतीला समांतर उभा राहत नाही, तिरका राहतो. त्याचं बूड कमरेजवळ, म्हणजे जमिनीपासून साधारण १ मीटरवर धरलं तर १७ मीटर उंची गाठायची उरते. जमिनीशी ७५ अंशांचा कोन ठेवला तर त्यासाठी १७.६ मीटर पोल लागतो आणि तुम्ही भिंतीपासून साडेचार मीटरवर उभे असता. हे झालं मोकळी फरशी असेल तर. खाली झाडांचे वाफे असतील, गाड्या लावलेल्या असतील, तळमजल्याचं छत पुढे आलेलं असेल आणि तुम्हाला ९ मीटर मागे सरकावं लागलं, तर तीच काच गाठायला १९.२ मीटर लागतात. म्हणून मोजपट्टी घेऊन आधी जागेवर जा. इमारतीची उंची मोजायची आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचे पाय कुठे टेकणार ते बघायचं आहे. वरच्या मजल्यांना बाहेर आलेले छज्जे असतील तर त्यांच्या वरून ब्रश आत वळवायला गूजनेक लांब लागेल, तेही धरा.

मग दोन-अडीच मीटर जास्त घेऊन ठेवले तर बिघडलं काय? बिघडतं, आणि बरंच बिघडतं. लांब काठीच्या टोकाला ठरावीक वजन लटकवलं तर तिचं लवणं लांबीच्या घनाने वाढतं. काठी स्वतःच्या वजनाने जी लवते ते लवणं तर लांबीच्या चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे त्याच जाडीची, त्याच मालाची काठी ९ वरून १८ मीटर केली, तर ब्रशमुळे येणारं लवणं ८ पट आणि काठीच्या स्वतःच्या वजनामुळे येणारं १६ पट. ९ मीटरवर जो पोल तुम्हाला कडक वाटतो त्याचाच मोठा भाऊ १८ मीटरवर वेताच्या छडीसारखा डोलतो. तुम्ही खाली हात हलवता, वरचा ब्रश क्षणभर जागचा हलत नाही, मग एकदम झटक्याने घसरतो आणि काच सोडून चौकटीवर आपटतो. घासायची ताकद सगळी पोलच्या वाकण्यात जिरते. मी पहिला लांब पोल घेतला तो वजनाचा आकडा बघून. ग्लास फायबर आणि कार्बनचा मिश्र माल, १८ मीटर, कागदावर वजन ठीक. पहिल्याच दिवशी कळलं की वरच्या दोन मजल्यांवर मी काच धूत नाहीये, नुसती ओली करतोय. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या काचांवर ब्रशने जिथे जिथे उडी मारली होती तिथे तिथे मळाचे पट्टे तसेच होते. सगळं पुन्हा केलं, अर्थात फुकट.

म्हणून लांब पोलच्या बाबतीत वजनाआधी ताठपणा विचारा. ग्लास फायबरच्या धाग्याचा ताठपणा साधारण ७० गिगापास्कल असतो, नेहमीच्या कार्बन धाग्याचा २३० च्या आसपास, आणि हाय मॉड्यूलस धाग्याचा ३५० च्या वर. ग्लास फायबर जडही असतं. तेव्हा १२ मीटरच्या वर ग्लास फायबरचा विचारही नको. १५ पर्यंत चांगला साधा कार्बन चालतो. त्यापुढे हाय मॉड्यूलसचे जास्त पैसे खरोखर वसूल होतात. ७-८ मीटरच्या कामाला मात्र हाय मॉड्यूलस पोल घेणं म्हणजे निव्वळ हौस.

‘१०० टक्के कार्बन’ या शब्दांवर भाळू नका. कार्बनचे धागे कोणत्या दिशेने घातलेत यावर सगळं अवलंबून असतं. पोलच्या लांबीच्या दिशेने जाणारे धागे वाकणं अडवतात. गोलाकार गुंडाळलेले धागे नळी चेपण्यापासून वाचवतात. वरून दिसणारी चटईसारखी चौकड्यांची वीण देखणी असते, पण ताठपणात तिचा वाटा थोडाच. दुसरी गोष्ट व्यासाची. नळीच्या कडेची जाडी तीच ठेवून तिचा व्यास १० टक्के वाढवला तर ताठपणा साधारण एक तृतीयांशाने वाढतो आणि वजन १० टक्केच वाढतं. म्हणून चांगले लांब पोल बुडाशी जाडजूड असतात. जाड बूड हातात मावत नाही अशी तक्रार नवीन माणूस हमखास करतो. हात लहान असतील तर ती तक्रार खरीही असते, म्हणून घेण्याआधी पकडून बघा. फक्त बारीक पोल म्हणजे हलका पोल, आणि हलका म्हणजे चांगला, ही साखळी डोक्यातून काढा.

हाय मॉड्यूलसची एक उणी बाजू आहे: तो ठिसूळ असतो. ग्लास फायबर मार खाऊन घेतो. हाय मॉड्यूलस पोल कठड्यावर आपटला, गाडीच्या टपावर आवळून बांधला किंवा कोणाचा पाय पडला तर आतून तडकतो आणि बाहेरून काही दिसत नाही. शंका आली तर नाण्याने सबंध नळीवर टकटक करत जा. चांगल्या भागाचा आवाज खणखणीत येतो, तडकलेल्या भागाचा बद्द. तुटलेल्या टोकाला उघड्या हाताने शिवू नका, कार्बनची कुसळं बारीक असतात आणि कातडीतून लवकर निघत नाहीत.

वजनाकडे वळू. कागदावरचं वजन बहुतेक वेळा नुसत्या पोलचं असतं. त्यात पाण्याची नळी नाही, पाणी नाही, ब्रश नाही, गूजनेक नाही. आता हिशेब करा. बाहेरून ८ आणि आतून ५ मिलिमीटरची पॉलियुरेथेनची नळी पाण्याने भरली की मीटरला ५५-६० ग्रॅम होते, म्हणजे २० मीटरला १ किलोच्या वर. बाहेरून ६, आतून ४ मिलिमीटरची घेतली तर तेवढ्याच लांबीला ६००-६५० ग्रॅम. अर्धा किलो वाचला म्हणून लगेच खूश होऊ नका. मिनिटाला २ लिटर पाणी २० मीटर नळीतून ढकलायला ५ मिलिमीटरच्या नळीत माझ्या हिशेबाने २ बारपेक्षा थोडा कमी दाब खर्ची पडतो, तर ४ मिलिमीटरच्या नळीत तोच आकडा ५ बारच्या पुढे जातो. शिवाय दर १० मीटर उंचीला १ बार या दराने १८ मीटरचे १.८ बार नुसतं पाणी वर चढवायलाच लागतात. त्यात जमिनीवर १०० मीटर पाइप, तोही आतून ६ मिलिमीटरचा असेल तर त्याचे आणखी ४ बार धरा. तुमचा पंप १०० पीएसआयचा धरला तर तो जेमतेम ६.९ बारचा. बेरीज करून बघा, पाच मिलिमीटरची नळी असली तरी बसत नाही. वर गेल्यावर पाणी का मंदावतं याचं उत्तर बहुतेक वेळा पोलमध्ये नसतं, जमिनीवर पडलेल्या पाइपात असतं. तो पाइप आतून ८ मिलिमीटरचा करा, तिथे ४ बारांचा १ बार होतो. पोलमधली नळी ५ मिलिमीटरचीच राहू द्या.

वजन कुठे कमी करायचं ते सांगतो: टोकाला. समजा पोल ४ किलोचा, २० मीटरचा आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य खालून ८ मीटरवर आहे, कारण खालचे सेक्शन जाड असतात. टोकाचा २०० ग्रॅम भार २० मीटरवर आहे. म्हणजे ब्रश आणि गूजनेकमध्ये २०० ग्रॅम वाचवले तर हाताला ते पोलच्या वजनात अर्धा किलो वाचवल्यासारखं जाणवतं. पोल घेताना हजारदा विचार करणारी माणसं त्याच्या टोकाला जुना लाकडी पाठीचा जाड ब्रश चढवतात तेव्हा मला गंमत वाटते. लांब पोलला हलका, अरुंद ब्रश हवा. २५-३० सेंटिमीटर रुंदी पुरते. केस नरम आणि टोकाला फाटे असलेले असावेत, कारण वर दाब देता येत नाही आणि कडक केस काचेवर ब्रशला उसळवतात.

आणि तो कोन. पोल उभा असताना सांभाळायला सोपा वाटतो, तो १५ अंश कलला की हाच ४ किलोचा पोल तुमच्या हातांवर एक मीटर लांब ८ किलोपेक्षा जास्त वजन धरल्याएवढा पीळ टाकतो. दोन हातांत पाऊण मीटर अंतर असेल तर एका हाताने ११ किलोएवढं ओढायचं आणि दुसऱ्याने तेवढंच ढकलायचं. मात्र हे ब्रश हवेत असताना. ब्रश काचेला टेकला की भिंत तो भार घेते. त्यामुळे लांब पोलवर काम करायची पद्धतच वेगळी आहे: ब्रश काचेवरून शक्यतो उचलायचा नाही, खंगाळणंही टेकवूनच करायचं. मग जेटसुद्धा (ब्रशमधून पाणी सोडणाऱ्या तोट्या) तसे हवेत. पंख्यासारखी फवारणी करणारे जेट खालच्या मजल्यांवर छान, पाणी थेंब-थेंब होऊन ओघळणाऱ्या काचेवर तर फारच छान. पण १५ मीटरवर वारा त्या फवाऱ्याचं धुकं करून शेजारच्या वाळलेल्या काचेवर नेऊन टाकतो. वर मी सरळ धारेचे जेट वापरतो.

वाऱ्याचं निघालंच आहे तर, ताशी २९ किलोमीटर वारा, म्हणजे झाडाच्या लहान फांद्या हलतात एवढाच, २० मीटर लांब आणि सरासरी ४ सेंटिमीटर जाड पोलवर साधारण ३ किलोचा जोर टाकतो. तो जोर तुमच्या हातात लागत नाही, तुमच्यापासून १० मीटर वर लागतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट. दोन इमारतींच्या मधल्या बोळात वारा आणखी वाढतो. ब्रश काचेवर जागेवर राहत नाही असं एकदा जरी झालं तर पोल खाली घ्या. गिऱ्हाईक काय म्हणेल ते नंतर बघता येतं.

टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा) की जोडणीचा, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. टेलिस्कोपिक पोल लवकर उघडतो-मिटतो. मजले वर-खाली करायचे असतील तर तोच हवा. जोडणीच्या पोलला क्लॅम्प (सेक्शन जागी आवळून धरणाऱ्या पकडी) कमी, त्यामुळे तो हलका आणि ताठ, पण उंची बदलायची म्हणजे दर वेळी सेक्शन लावा-काढा. तुमच्या कामाला मधला मार्ग बरा: वरचा १२-१३ मीटरचा भाग टेलिस्कोपिक आणि बुडाला लागतील तसे जोडायचे दोन-तीन जाड सेक्शन. खालचे मजले धुताना ते सेक्शन काढून गाडीत ठेवता येतात. न उघडलेले जाड सेक्शन दिवसभर उगाच हातात वागवण्यासारखा दुसरा मूर्खपणा नाही.

क्लॅम्प नीट तपासा. पोल जुना होतो तो क्लॅम्पमुळे, कार्बनमुळे क्वचितच. प्रत्येक क्लॅम्पची पकड स्क्रूने कमी-जास्त करता येते का, ओल्या हाताने आणि हातमोजे घालून तो उघडतो का, आणि मुख्य म्हणजे सुटा मिळतो का. तसंच एक एक सेक्शन सुटा मिळतो का हेही विचारा. सर्वांत वरचा बारीक सेक्शन कधीतरी तुटणार हे गृहीत धरा. तो मिळत नसेल तर उरलेला महागडा पोल ही फक्त एक शोभेची वस्तू. क्लॅम्पमध्ये वाळूचे कण गेले की ते पोलवर चरे पाडतात आणि पकड सुटते. माझ्या एका पोलचा वरचा भाग असाच सरकन खाली आला आणि अंगठ्याचं नख काळं करून गेला. दिवस संपला की सगळे सेक्शन उघडून साध्या पाण्याने धुवायचे. तेल किंवा ग्रीस कधीही लावायचं नाही, मग पकडच राहत नाही.

विजेबद्दल जरा थांबून वाचा. कार्बन वीज वाहून नेतो. उघड्या तारा जवळपास असतील तर पोलची पूर्ण लांबी कुठल्याही दिशेला पडली तरी तारेच्या आसपास पोचणार नाही एवढं अंतर हवं, नाहीतर काम सोडा. ‘बुडाचा सेक्शन ग्लास फायबरचा आहे, शुद्ध पाणी वीज वाहत नाही’ हे युक्तिवाद मी ऐकलेत. पाणी ब्रशमधून निघेपर्यंत शुद्ध असतं, धुळीच्या चौकटीवरून ओघळलं की नसतं, आणि बुडाचा सेक्शनही तोवर ओला झालेला असतो. ढग गडगडायला लागले तर चर्चाच नको.

पोल उभा करणं हे दोन माणसांचं काम आहे. एकाने बुडाला पाय लावायचा. ब्रश भिंतीला टेकलेला ठेवून वरचे बारीक सेक्शन आधी उघडायचे आणि मग खालच्या क्लॅम्पवर हात पोचेल तसं वर ढकलत जायचं. आडवा २० मीटर उघडून झेंड्याच्या काठीसारखा उचलायचा प्रयत्न केलात तर जोडाशी तडकेल. पोल जेवढा लांब तेवढ्या त्रिज्येत माणूस आणि गाडी नको, तिथे दोरी बांधा. दुसरा माणूस तिथेच उभा राहू दे, त्याला पाइप ओढायला पाठवू नका. दिवसभर वर बघून मान आखडते. डोंगर चढणारे लोक दोर धरताना प्रिझमचे चष्मे वापरतात, समोर बघूनही वरचं दिसतं. असा चष्मा मिळाला तर जरूर घ्या, आधी थोडं चक्करल्यासारखं होतं, तासाभरात सवय होते.

हे सगळं झाल्यावर एक खुलासा. ती इमारत नवी असेल आणि काचांवर सिमेंटचे, रंगाचे किंवा सिलिकॉनचे डाग असतील तर कुठलाही पोल ते काढणार नाही. तिथे हात आणि पातं पोचायला हवं, म्हणजे पहिली सफाई झुल्यावरून किंवा दोरावरून. पोल त्यानंतरच्या नियमित सफाईचा. आणि कधीच न धुतलेल्या काचा असतील तर पहिल्या वेळी दोन हात मारावे लागतात: एकदा चौकटी आणि काच, सगळं वाळू द्यायचं, मग पुन्हा फक्त काच. चौकटीच्या सांध्यात अडकलेला मळ पहिल्या धुण्यानंतर तासभर ओघळत राहतो. दर सांगताना हे धरा. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्यावर असू द्या. १० पर्यंत खपून जातं म्हणतात, पण वरच्या मजल्यांवर डाग पडले की ते पुसायला तुम्ही पोचू शकत नाही.

घेण्याआधी एकदा वापरून बघायचा आग्रह धरा. नळी भरलेली, तुमचा स्वतःचा ब्रश लावलेला, पूर्ण उघडलेला, आणि खऱ्या भिंतीवर. पंधरा मिनिटं घासा. खाली हात एक फूट हलवल्यावर वरचा ब्रश किती वेळाने हलतो ते जोडीदाराला लांबून बघायला सांगा, तुम्हाला स्वतःला ते खालून नीट कळणार नाही. मग पोल मिटवा, पुन्हा उघडा, असं चार वेळा करा. चौथ्या वेळी बोटं क्लॅम्पशी झटत असतील तर दुसरा पोल बघा. विक्रेता उघडून दाखवायलाच तयार नसेल, तर जागेची मापं घेऊन दुसरीकडे जा.